नोडमध्ये थेट टाइपस्क्रिप्ट: काही महिने वापरल्यावर

अंधेरीतल्या छोट्या ऑफिसातून आम्ही हाउसिंग सोसायट्यांची मेंटेनन्स बिलं काढणारं सॉफ्टवेअर चालवतो. सर्व्हर नोडवर (ब्राउझरबाहेर जावास्क्रिप्ट चालवणारी प्रणाली), कोड टाइपस्क्रिप्टमध्ये (जावास्क्रिप्टच, पण कुठे आकडा, कुठे मजकूर हे ‘टाइप्स’ लिहून ठेवलेली). टाइपस्क्रिप्टची फाइल थेट चालवायची सोय नोडने 2024 मध्ये 22.6 पासून दिली, पण तेव्हा कमांडला प्रायोगिक फ्लॅग (जादा पर्याय) लावावा लागायचा. 2025 मध्ये 22.18 आलं, फ्लॅगची कटकट संपली आणि आम्ही लगेच त्यावर गेलो.

टाइपस्क्रिप्ट चालवून देणारं टीएस-नोड, कोड बदलला की सर्व्हर रीस्टार्ट करणारं नोडमॉन, कंपाइल केलेल्या कोडचं डिस्ट फोल्डर, त्या कोडची मूळ ओळींशी सांगड घालणारे सोर्स मॅप, सगळा लवाजमा गेला. पण मला सगळ्यात आवडलं ते वेगळंच. नोड टाइप्स खोडतो आणि त्या जागी तेवढ्याच स्पेस ठेवतो. त्यामुळे एररमध्ये दिसणारी ओळ आणि कॉलम मूळ फाइलमधलेच असतात. महिनाअखेरीला एखाद्या सोसायटीच्या सेक्रेटरींचा ‘बिलं अडकली’ म्हणून फोन आला, की लॉगमधला ओळ क्रमांक बघून नेमक्या जागी पोचता येतं. पूर्वी सोर्स मॅप नीट लागला नसेल तर आधी तेच शोधत बसायला लागायचं.

आता महत्त्वाची गोष्ट: नोड टाइप्स फक्त खोडतो, तपासत नाही. चाचणीच्या एका बिलात मेंटेनन्स 3500, पार्किंग 500 आणि एकूण चक्क 3500500! रक्कम स्ट्रिंग (मजकूर) म्हणून पाठवली होती, म्हणून बेरजेऐवजी आकडे एकमेकांना चिकटले. एडिटरने लाल रेघ मारली होती, नोडने मात्र निमूट चालवलं. त्यामुळे टीएससी (टाइपस्क्रिप्टचा कंपायलर) ‘नो-एमिट’ लावून, म्हणजे फक्त तपासणीपुरता, सीआयमध्ये (कोड जमा झाल्यावर आपोआप होणाऱ्या तपासणीत) चालवणं सक्तीचंच धरा. काहींना हा नोडचा अर्धवटपणा वाटतो. मला तो शहाणपणा वाटतो, कारण दर रीस्टार्टला अख्ख्या कोडची तपासणी कोणाला हवी आहे?

खरा त्रास जुन्या कोडचा. एनम (ठरावीक पर्यायांची नावं असलेली यादी) चालत नाही, कन्स्ट्रक्टरच्या पॅरामीटरमध्येच ‘प्रायव्हेट’ लिहायची सवय चालत नाही, कारण या गोष्टी नुसत्या खोडून भागत नाही, त्यांच्या जागी नवा कोड तयार करावा लागतो. बिलाच्या स्थितीचे आमचे सगळे एनम ‘अ‍ॅज कॉन्स्ट’वाल्या (किमती पक्क्या धरलेल्या) साध्या ऑब्जेक्टमध्ये बदलले. टाइपस्क्रिप्ट 5.8 मधला ‘इरेझेबल सिंटॅक्स ओन्ली’ हा पर्याय आधी चालू करा, म्हणजे अडणाऱ्या जागा एडिटरमध्येच दिसतात. दुसऱ्या फाइलमधून टाइप आणताना ‘इम्पोर्ट टाइप’ लिहायचं आणि फाइलच्या नावापुढे ‘.टीएस’ही लावायचं. टीएसकॉन्फिग (टाइपस्क्रिप्टची सेटिंगची फाइल) नोड वाचतच नाही, म्हणून तिच्या ‘पाथ्स’मधली फोल्डरांची टोपणनावंही बाद, आम्ही पॅकेज फाइलमधल्या ‘इम्पोर्ट्स’वर, हॅशवाल्या नावांवर गेलो.

‘नोड मॉड्यूल्स’ या बाहेरच्या पॅकेजेसच्या फोल्डरमधल्या टाइपस्क्रिप्ट फाइल्स नोड मुद्दाम नाकारतो, लोकांनी कच्चं टाइपस्क्रिप्ट पॅकेज म्हणून वाटू नये म्हणून. हेतू पटतो, पण आमचं व्याज-दंडाच्या हिशेबाचं खासगी पॅकेज आजही कंपाइल करूनच द्यावं लागतं, याची चीड येतेच. (थेट टाइपस्क्रिप्ट चालवणं डेनो या नोडसारख्याच दुसऱ्या प्रणालीत पहिल्यापासून होतं, आणि डेनोही नोडच्याच जनकाचं, रायन डालचं. घरच्या घरी धडा मिळत असताना नोडला एवढा उशीर का लागला, कोण जाणे.)

नवं काम सुरू करणाऱ्यांनी डोळे झाकून घ्यावं. नेस्ट या फ्रेमवर्कसारखं डेकोरेटरवर (क्लासला ‘@’ लावून जोडायच्या सूचनांवर) उभं काही असेल तर हात लावू नका, पार्सरच अडतो. टीएसएक्स फाइल्सही (स्क्रीनची मांडणी कोडमध्येच लिहिलेल्या टाइपस्क्रिप्ट फाइल्स) यात चालत नाहीत, त्यामुळे सभासदांच्या पोर्टलचा रिअ‍ॅक्टमधला भाग आम्ही ‘व्हीट’ (Vite) या बिल्ड साधनावरच ठेवलाय आणि तिथलं बिल्ड तसंच चालू आहे.