डीबगरसाठी यूडीपीचा पर्याय : हर्णैच्या बर्फ कारखान्यावरचा आठ महिन्यांचा अनुभव

जीडीबी या डीबगरमधून, म्हणजे चालू कार्यक्रम थांबवून त्यातले दोष शोधण्याच्या साधनातून, दूरच्या बोर्डाशी जोडणी करताना पत्त्याच्या आधी टीसीपीऐवजी (पोहोच तपासून हरवलेले पुन्हा पाठवणारी पद्धत) यूडीपी (तशी खात्री न देणारी हलकी पद्धत) असे लिहिले, की हा पर्याय सुरू होतो. जीडीबीच्या माहितीपुस्तिकेतच त्याबद्दल इशारा दिलेला आहे : यूडीपीतला 'यू' बेभरवशाचा समजावा, गर्दीच्या किंवा कच्च्या नेटवर्कवर पॅकेट (माहितीची पाकिटे) गुपचूप गळतात आणि मग डीबगिंगचा बोजवारा उडतो. हा इशारा वाचूनही मी एप्रिलपासून हाच पर्याय वापरते आहे आणि पुढेही वापरणार आहे. मात्र तो जसा मिळतो तसा मी कोणालाही वापरू देणार नाही, आणि त्याचे कारण सविस्तर सांगणे मला आवश्यक वाटते.

मी रत्नागिरीत राहते आणि मासेमारी बंदरांवरच्या बर्फ कारखान्यांसाठी तापमान नोंदवणारे बोर्ड तयार करते. यातला सर्वांत त्रासदायक बोर्ड हर्णैला आहे. किनाऱ्याने तिथे जायचे म्हणजे जयगडहून फेरीबोटीने तवसाळला उतरायचे, गुहागर मागे टाकून धोपाव्याला यायचे, तिथून दुसऱ्या फेरीबोटीने दाभोळला आणि मग दापोलीमार्गे हर्णै. पावसाळ्यात वारा वाढला की फेरी थांबते आणि चिपळूणवरून वळसा पडतो. केवळ एक केबल बोर्डाला लावून दहा मिनिटे रजिस्टर (चिपमधल्या स्थितीच्या छोट्या नोंदी) पाहण्यासाठी हा पूर्ण दिवस घालवणे मला परवडत नव्हते, म्हणून दूरवरून डीबगिंग करण्याची व्यवस्था हवी होती.

टीसीपी का नको, हा प्रश्न मला अनेकांनी विचारला. आमचा बोर्ड कॉर्टेक्स-एम या छोट्या मायक्रोकंट्रोलरच्या जातीचा आहे, त्यावर लिनक्स नाही, आणि ब्रेकपॉइंट (कार्यक्रम थांबवण्यासाठी ठरवलेली जागा) लागल्यावर त्यावरचा मुख्य कार्यक्रम खरोखर थांबतो. त्या क्षणी जिवंत असतो तो फक्त डीबग मॉनिटरच्या अपवादात (चालू काम अडवून धावणाऱ्या खास अवस्थेत) चालणारा, जीडीबीला उत्तरे देणारा छोटा कार्यक्रम, म्हणजे स्टब. त्याने इंटरप्ट (चिपने स्वतःहून दिलेली हाक) न वापरता इथरनेटच्या चिपकडे स्वतः पुन्हा पुन्हा डोकावून पॅकेट उचलायचे असते. एवढ्याशा कोडमध्ये संपूर्ण टीसीपी, त्याची खिडकी, त्याचे टायमर आणि पुनर्प्रेषण बसवणे म्हणजे ज्या यंत्रणेत दोष शोधायचा तिच्याहून मोठी यंत्रणा तिच्या पोटात घालणे होय. यूडीपीचे शीर्षक (प्रत्येक पॅकेटच्या सुरुवातीची पत्त्याची पट्टी) अवघे ८ बाइटचे असते. १९८० साली तीन पानांत मांडलेला तो नियम स्टबमध्ये एका दुपारी लिहून होतो.

बोर्डापासून कारखान्यातल्या मोबाईल राउटरपर्यंत इथरनेटची तार आहे आणि राउटरपासून माझ्या यंत्रापर्यंत वायरगार्डचा (कूटबद्ध खासगी जोडणीचा) बोगदा. जीडीबीच्या दूरस्थ प्रोटोकॉलला पासवर्ड नावाची गोष्टच नाही. पॅकेट पोहोचवू शकणारा कोणीही बोर्डाची मेमरी बदलू शकतो, म्हणून हा बोगदा माझ्या दृष्टीने अनिवार्य आहे. सुरुवातीला ब्रेकपॉइंटवर थांबून मी पाच-सात मिनिटे विचार केला की बोर्ड गायब होत असे, कारण शांत पडलेल्या यूडीपी प्रवाहाची नोंद मोबाईल कंपनीच्या बाजूला पुसली जात होती. राउटरला दर २५ सेकंदांनी एक खुणेचे पॅकेट पाठवायला लावल्यावर तो त्रास थांबला. पॅकेटचा आकारही आवरावा लागला. बोगद्यातून तुकडे न होता १,४२० बाइट जातात. तुकडे झाले आणि एक हरवला तर अख्खे पॅकेट वाया जाते. म्हणून स्टबने जीडीबीला कमाल आकार १,०२४ असाच सांगितला. मेमरीचा प्रत्येक बाइट दोन अक्षरांनी लिहिला जात असल्यामुळे एका फेरीत पाचशेच्या आसपास बाइट येतात आणि आमच्या कामाला तेवढे पुरतात.

आता मुख्य मुद्द्याकडे येते. शोधायचा दोष असा होता, की कॉम्प्रेसर सुरू होताना ब्राइनच्या (थंड खाऱ्या पाण्याच्या) टाकीतल्या सेन्सरचे वाचन बंद पडायचे आणि बोर्ड पुन्हा सुरू करेपर्यंत परत येत नसे. ऑपरेटर काकांचा फोन यायचा, "ताई, तुमच्या डब्यावरचा लाल दिवा लागलाय." माझा संशय सेन्सरचे बाइट ज्यातून येतात त्या सीरियल पोर्टच्या ओव्हररन या खुणेवर होता. बाइट वेळेवर उचलला नाही की ती खूण लागते आणि ती पुसेपर्यंत पुढचे येणे अडते. जूनमध्ये मासेमारी बंद असते. १ जून ते ३१ जुलै हे ६१ दिवस कारखानाही थंडावलेला होता, त्यामुळे काकांनी माझ्यासाठी मुद्दाम कॉम्प्रेसर चालू-बंद करून दिला. दिवा लागला, मी बोर्ड थांबवला आणि सीरियल पोर्टची पहिली दोन रजिस्टरे वाचली. खूण शून्य होती. तीन वेळा तसेच झाले आणि मी तो संशय सोडून दिला. ही माझी चूक पुढे दोन आठवड्यांना पडली.

उलगडा भलत्याच ठिकाणी झाला. एका संध्याकाळी पाऊस कोसळत असताना मी बोर्डावरच्या कार्यक्रमातली एकेक सूचना पार करत पुढे जात होते. प्रोग्राम काउंटरचा (पुढची सूचना कुठे आहे ते सांगणाऱ्या रजिस्टरचा) पत्ता १२ वर संपत होता, सूचना दोन बाइटची होती, म्हणजे एका पावलानंतर तो १४ व्हायला हवा होता. पडद्यावर १६ आला. मधली सूचना पार पडली होती, पण मला ती कधी दिसलीच नाही. मी जीडीबीचा पॅकेट दाखवणारा तपशील चालू केला आणि पुन्हा प्रयत्न करत राहिले. अकराव्या की बाराव्या वेळी ते समोर आले : डॉलर, एस, हॅश, ७३ हे पाऊल टाकण्याचे पॅकेट गेले. त्याखाली ओळ आली, की पावतीऐवजी पॅकेटच आले, ते दुर्लक्षित केले. आणि पुढे तेच डॉलर, एस, हॅश, ७३ दुसऱ्यांदा गेले.

घडले ते असे. या प्रोटोकॉलमध्ये प्रत्येक पॅकेट मिळाल्याची पावती म्हणून अधिकचे (+) एक चिन्ह परत यायचे असते. तो एकटा बाइट आमच्याकडे स्वतंत्र डेटाग्राम (यूडीपीचे पॅकेट) होऊन, २८ बाइटांची शीर्षके डोक्यावर घेऊन प्रवास करतो. तोच नेमका वाटेत हरवला. बोर्डाने पाऊल टाकले होते, उत्तरही पोहोचले होते, पण पावती आली नाही म्हणून जीडीबीने ते उत्तर जुने समजून टाकून दिले आणि आज्ञा पुन्हा पाठवली. बोर्डाने प्रामाणिकपणे दुसरे पाऊल टाकले. सीरियल तारेवर बिघडलेला मजकूर चेकसम (मजकुरासोबतची पडताळणीची बेरीज) पकडतो. मात्र एकच आज्ञा दोनदा आली आहे, हे ओळखण्यासाठी पॅकेटवर क्रमांक लागतो. जुन्या मसुद्यात दोन अंकी क्रमांकाची ऐच्छिक जागा होती, पण जीडीबीने तो कधीच पाठवला नाही आणि ५.० आवृत्तीपासून ती तरतूदही काढून टाकली गेली.

मग माझ्या ध्यानात आले, की माझी खूण कुठे गेली असावी. आमच्या मायक्रोकंट्रोलरमध्ये आधी स्थितीचे आणि मग डेटाचे रजिस्टर वाचले, की ओव्हररनची खूण आपोआप पुसली जाते. मी दोन्ही रजिस्टरे एका दमात मागत होते. पहिल्या वाचनात खूण होती, पण ते उत्तर पावतीअभावी फेकले गेले. दुसऱ्या वाचनाने स्वच्छ शून्य आणून दिले, कारण पुरावा पहिल्या वाचनानेच पुसला होता. तीनदा सलग असे होणे हा दुर्दैवाचा भाग होता, पण कारखान्यात कॉम्प्रेसर सुरू होताना राउटरचा वीजपुरवठाही दचकत असे, म्हणजे पॅकेट गळण्याची वेळ आणि मी वाचण्याची वेळ एकच होती. तोपर्यंत मी मानत होते, की मेमरी वाचणे निरुपद्रवी असते आणि ते कितीदाही केले तरी चालते. साध्या मेमरीसाठी ते खरे आहे. हार्डवेअरच्या रजिस्टरांसाठी मुळीच नाही.

यावर केलेला उपाय आता सहा महिने चालू आहे. माझ्या यंत्रावर एक मध्यस्थ कार्यक्रम असतो. जीडीबी त्याच्याशी त्याच यंत्रावर टीसीपीने बोलतो, त्यामुळे तिथे पावत्या बंद ठेवणे रास्त ठरते. मध्यस्थ पुढे बोर्डाकडे यूडीपीने जातो आणि प्रत्येक आज्ञेला क्रमांक देतो. स्टब शेवटचा क्रमांक आणि त्याचे उत्तर जपून ठेवतो. तोच क्रमांक पुन्हा आला तर आज्ञा न बजावता जपलेले उत्तर परत धाडतो. चालू ठेवण्याच्या आज्ञेचे उत्तर तासाभराने येऊ शकते, म्हणून ती मिळाल्याची खूण वेगळी आणि थांबल्याचे उत्तर वेगळे केले. थांबल्याचे उत्तर मध्यस्थाने कबूल करेपर्यंत स्टब ते पाठवत राहतो. मधेच थांबवण्याचा जो एकटा बाइट असतो, त्याला प्रोटोकॉलमध्ये ना चेकसम ना पावती, म्हणून बोर्ड थांबेपर्यंत मध्यस्थ तो पुन्हा पुन्हा पाठवतो. आधीच थांबलेला स्टब त्याकडे लक्ष देत नाही. स्टबमध्ये यासाठी शंभरएक ओळी वाढल्या. विंडोज ८ पासूनचे नेटवर्कवरचे कर्नेल डीबगिंगही यूडीपीवरूनच चालते, तेव्हा या वाहतुकीत मूलतः काही चुकीचे आहे असे मी म्हणणार नाही. पण जीडीबीच्या बाबतीत ही शंभर ओळींची जबाबदारी आपल्या माथी येते, हे पर्याय निवडतानाच समजायला हवे.

बदल केल्यानंतर पहिल्याच प्रयत्नात ओव्हररनची खूण मिळाली. ड्रायव्हरमध्ये (सीरियल पोर्ट हाताळणाऱ्या कोडमध्ये) ती पुसण्याची ओळ नव्हती. जुलै संपण्याआधी दुरुस्त फर्मवेअर मी स्वतः हर्णैला जाऊन भरले, कारण एवढ्या गळक्या वाटेवरून फ्लॅश (बोर्डाची कायमची मेमरी) लिहिण्याचे धाडस मला अजून होत नाही.

दोन किरकोळ गोष्टी. स्टब चालू असताना प्रोसेसरचा गाभा खऱ्या अर्थाने थांबलेला नसतो, त्यामुळे वॉचडॉग (वेळेवर खूण न मिळाल्यास बोर्ड पुन्हा सुरू करणारा टायमर) गोठत नाही आणि त्याला स्टबनेच चारा घालावा लागतो. आणि जीडीबी उत्तराची वाट मुळात २ सेकंद पाहतो. मोबाईल नेटवर्कसाठी मी ती मुदत १० केली आहे.

१ ऑगस्टला होड्या बाहेर पडल्या आणि कारखाना रात्रंदिवस चालू झाला. आमचा बोर्ड फक्त नोंदी घेतो, कॉम्प्रेसरवर त्याचा ताबा नाही, तरीही तो थांबला की ब्राइनचे तापमान काकांना दिसत नाही आणि बर्फाच्या लाद्या काढण्याची वेळ अंदाजाने ठरवावी लागते. म्हणून हंगामात मध्यस्थ कार्यक्रम फक्त साध्या मेमरीचे वाचन पुढे जाऊ देतो. थांबवणे, पाऊल टाकणे आणि सीरियल पोर्टचे पत्ते वाचणे यांना कुलूप आहे. ते उघडायचे असेल तर मी आधी काकांना फोन करते, ते टाकीपाशी हातातला थर्मामीटर घेऊन उभे राहतात, आणि "करा आता" म्हणाले की मगच मी बोर्ड थांबवते.