पीएनआर आला, तिकीट आलंच नाही

जुलै लागला की मुंबईत तिकिटांचा एक वेगळाच सीझन सुरू होतो. आधी अमेरिकेचं फॉल सेमिस्टर, मागोमाग सप्टेंबरचं ब्रिटन-आयर्लंड. व्हिसा उशिरा येतो, कॉलेजची तारीख हलत नाही आणि तोवर भाडं चढून बसलेलं असतं. लोन, फी, हॉस्टेलचं डिपॉझिट भरून आईबाबा आधीच थकलेले. नेमक्या त्या आठवड्यात विद्यार्थ्यांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर पोस्टर येतं: ‘स्टुडंट स्पेशल, तीन बॅगा, शेवटच्या चार सीट’. फसवणूक इथे सुरू होते. कळते मात्र पाच-सहा आठवड्यांनी, सहारच्या टी-टूवर, चेक-इन काउंटरपाशी. तोवर सोडायला आलेली माणसं बाहेर फोटो काढत उभी असतात.

हुशार ठग अर्ध्या किमतीत तिकीट देत नाही. तेवढं स्वस्त म्हटलं की कुणाच्याही मनात पाल चुकचुकते. समजा, टोरांटोचं तिकीट सगळीकडे ७५ हजारांना दिसतंय, तर तो ६६ सांगतो. खरा एजंटही कधीकधी एवढा फरक देऊ शकतो, म्हणून ते पटतं. मग पासपोर्टच्या पहिल्या पानाचा फोटो मागतो. दहा मिनिटांत पीडीएफ येते: विमान कंपनीचा लोगो, बिनचूक नाव, तारखा आणि सहा अक्षरांचा पीएनआर. “काका, कंपनीच्या साइटवर टाकून बघा, मग पैसे द्या,” असं तोच म्हणतो. बाबा पीएनआर आणि आडनाव टाकतात, बुकिंग उघडतं. खोटं कुठेच काही दिसत नाही, कारण तेवढं खरंच असतं. पैसे जातात.

पीएनआर म्हणजे फक्त आरक्षणाची नोंद. अमेडियस, सेबर, गॅलिलिओ या एजंटांच्या बुकिंग सिस्टिमवर बसलेला माणूस एक पैसाही न भरता तुमच्या नावाने जागा धरून ठेवू शकतो. त्याला धंद्यात ‘होल्ड’ म्हणतात. त्या नोंदीला टाइम लिमिट असते, कधी काही तासांची, कधी दोन-चार दिवसांची. तेवढ्यात तिकीट काढलं नाही, तर सिस्टिम आपणहून जागा सोडून देते. पण मुदत संपेपर्यंत कंपनीच्या साइटवर ते बुकिंग ‘कन्फर्म्ड’ दिसू शकतं, कारण जागा खरोखर धरलेली असते. पैसे भरले गेले नाहीत, ही गोष्ट त्या शब्दात कुठेच नसते.

तिकीट निघालं की त्याला १३ आकडी ई-तिकीट नंबर मिळतो. पहिले तीन आकडे कंपनीचे: एअर इंडिया ०९८, ब्रिटिश एअरवेज १२५, कतार १५७, एमिरेट्स १७६, लुफ्थान्सा २२०, टर्किश २३५, एतिहाद ६०७. पीडीएफवर एमिरेट्सचा लोगो आणि नंबर १५७ने सुरू होत असेल, तर थांबा आणि विचारा. प्रत्येक वेळी तो घोळच असेल असं नाही, कारण एका कंपनीच्या तिकिटावर दुसरीचं विमान असू शकतं. पण उत्तर सरळ आलं पाहिजे. इंडिगोसारख्या कंपनीच्या बुकिंगवर हा नंबर दिसेलच असं नाही. तिथे पेमेंट पूर्ण आहे की बाकी, ते पाहायचं.

नंबर दिसला म्हणून निश्चिंत होऊ नका, कारण पुढची चाल त्याच्याही वरची आहे. एजंटने काढलेलं तिकीट त्याच दिवशी, साधारण मध्यरात्रीच्या आत, ‘व्हॉइड’ करता येतं. म्हणजे ते निघालंच नव्हतं असा हिशेब होतो. संध्याकाळी पाचला खरं तिकीट निघतं, तुम्ही तपासता, सातला पैसे देता, रात्री अकराला ते व्हॉइड होतं. ‘रात्री बाराच्या आत फेअर संपतोय’ ही घाई पुष्कळदा याच कारणाने असते. तिसरा प्रकार जास्त संथ आहे. रिफंड होणारं तिकीट काढून दोन-तीन आठवड्यांनी रद्द करतात. परतावा ज्या मार्गाने पैसे भरले त्याच मार्गाने, म्हणजे एजंटकडे जातो. तुमच्या हातात जुनी पीडीएफ उरते.

म्हणून तपासणी एकदा करून भागत नाही. पैसे दिल्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी, मग पंधरा दिवसांनी, मग उड्डाणाच्या आठवडाभर आधी अशी तीनदा करा. बुकिंग उघडतंय यावर समाधान मानू नका, विमान कंपनीला फोन लावा. नंबर कंपनीच्या साइटवरूनच घ्या, गुगलवर ‘कस्टमर केअर’ शोधून सापडलेला नको. विचारायचं एवढंच: तिकीट इश्यू झालंय का आणि कूपनचं (म्हणजे तिकिटातल्या प्रत्येक उड्डाणाच्या नोंदीचं) स्टेटस काय आहे? ‘ओपन’ म्हणाले तर ठीक. ‘व्हॉइड’ किंवा ‘रिफंडेड’ म्हणाले तर फसगत झालीय. ‘सस्पेंडेड’ असेल तर कारण विचारून घ्या. आठवडाभर आधी कळलं तर दुसरं तिकीट काढायला वेळ तरी असतो.

सगळ्यात वाईट प्रकार चोरीच्या कार्डाचा. इथे तिकीट खरं, नंबर खरा, कूपन ओपन. पण पैसे भलत्याच माणसाच्या क्रेडिट कार्डावरून गेलेले असतात. त्याने बँकेकडे तक्रार केली की कंपनी तिकीट रद्द करते, आणि ते तुमच्या प्रवासाच्या आदल्या दिवशीही होऊ शकतं. वर चौकशीला तोंड द्यायचं तुम्ही, कारण तिकिटावर नाव तुमचं असतं. यावर एकच बऱ्यापैकी उपाय आहे: कंपनीची पेमेंट पावती मागणे. ती द्यायला जो टाळाटाळ करतो, त्याच्याकडून तिकीट घेऊ नका.

‘ग्रुप फेअर’ हा शब्द ऐकलात की कान टवकारा. तो खोटा नाही. दहा किंवा जास्त प्रवाशांसाठी कंपन्या वेगळा दर देतात आणि मोठे एजंट सीझनच्या आधीच सीट उचलून ठेवतात. त्यात नावं उशिरा चढतात, म्हणून तिकीट नंबरही उशिरा येतो. ठगाला हीच सोय होते, नंबर मागितला की तो म्हणतो, “ग्रुपचं आहे ना, आठ दिवस आधी येईल.” खऱ्या ग्रुप फेअरमध्ये नावं देण्याची शेवटची तारीख आणि रद्द करण्याच्या अटी लेखी मिळतात. त्या मिळत नसतील तर अर्धेसुद्धा पैसे देऊ नका.

ग्रुपवर आणखी एक मेसेज फिरतो: ‘माझा व्हिसा रिजेक्ट झाला, तिकीट तुझ्या नावावर करून देतो’. बहुतेक कंपन्यांचं आंतरराष्ट्रीय तिकीट दुसऱ्याच्या नावावर होत नाही. स्पेलिंगची चूक दुरुस्त होते, माणूस बदलत नाही. बोलणं तिथेच संपवा.

फसवणूक म्हणता येणार नाही, पण नुकसान तेवढंच करणारी गोष्ट म्हणजे जोडतिकीट. स्वस्त दाखवण्यासाठी मुंबई–युरोप आणि युरोप–अमेरिका अशी दोन वेगळी तिकिटं, दोन पीएनआर. पहिलं विमान उशिरा आलं तर दुसरी कंपनी जबाबदार नाही. मधल्या शहरात बॅगा घेऊन पुन्हा चेक-इन करायचं, म्हणजे इमिग्रेशन ओलांडायचं, म्हणजे बहुतेक ठिकाणी शेंगेन, म्हणजे युरोपातल्या अनेक देशांचा सामाईक, व्हिसा हवा. तो नाही म्हणून मुंबईतच विमानात चढू देत नाहीत. मार्ग अमेरिकेतून पुढे जात असेल तर एका तिकिटावरही अमेरिकी व्हिसा लागतोच, कारण तिथे विमानतळाच्या आतल्या आत ट्रान्झिट अशी सोयच नाही.

बॅगांचं वचन तोंडी घेऊ नका. ई-तिकिटावर प्रत्येक टप्प्यासमोर लिहिलेलं असतं: ‘२पीसी’ म्हणजे दोन बॅगा, ‘३०के’ म्हणजे एकूण ३० किलो. पोस्टरवर तीन आणि तिकिटावर ‘२पीसी’ असेल, तर काउंटरवर तिसरीचे पैसे पडतील. खऱ्या स्टुडंट फेअरमध्ये जादा बॅग मिळते, पण काउंटरवर कॉलेजचं ओळखपत्र किंवा प्रवेशपत्र मागू शकतात. ते हातातल्या पिशवीत ठेवा. कंपनीच्या स्वतःच्या साइटवर स्टुडंट फेअर पाहिल्याशिवाय एजंटचा भाव स्वस्त की महाग, हे ठरवूच नका.

हल्ली बिलावर ‘टीसीएस’ लावून वर आणखी काही हजार उकळतात. टीसीएस म्हणजे विकणाऱ्याने ग्राहकाकडून आधीच घेऊन सरकारकडे भरायचा कर; तो परदेशी टूर पॅकेजवर असतो. नुसत्या विमान तिकिटावर तो लागत नाही, हे सीबीडीटीने (केंद्रीय प्रत्यक्ष कर मंडळाने) ३० जून २०२३च्या परिपत्रकात स्पष्ट केलं आहे.

पैसे देतानाच खरी पारख होते. बिलावर जीएसटी क्रमांक असेल तर तो १५ अक्षरांचा आणि महाराष्ट्राचा असेल तर २७ने सुरू होणारा. जीएसटीच्या पोर्टलवर टाकला की मालकाचं नाव दिसतं. तेच नाव यूपीआय करताना दिसलं पाहिजे. दुकान एका नावाचं आणि पैसे भलत्याच कुणाच्या बचत खात्यात, असं असेल तर ते खातं बहुधा भाड्याने घेतलेलं असतं. छोट्या एजंटकडे जीएसटी नसू शकतो, हे खरं; मग निदान त्याच्या फर्मच्या चालू खात्यात पैसे द्या. सगळ्यात बरं क्रेडिट कार्ड. ‘कार्डाला दोन टक्के जास्त लागतील’ म्हणून लोक यूपीआय करतात, पण सेवा मिळाली नाही तर कार्डावर चार्जबॅक, म्हणजे बँकेमार्फत पैसे परत, मागता येतो. यूपीआयने तुम्ही स्वतःच पैसे पाठवले, म्हणून बँक हात वर करते.

फसलात तर एअरपोर्टवरूनच १९३० हा सायबर हेल्पलाइन नंबर लावा. पैसे नुकतेच गेले असतील तर पुढच्या खात्यात गोठण्याची शक्यता असते. महिना झाला असेल तर ती फार थोडी. तरी तक्रार नोंदवाच, कारण कार्डाच्या दाव्याला आणि पोलीस ठाण्यात तिचा क्रमांक लागतो. भारतीय न्याय संहितेचं कलम ३१८ आणि आयटी कायद्याचं ६६डी, ही दोन कलमं अर्जात लिहा. चॅट डिलीट करू नका. स्क्रीनशॉटपेक्षा व्हॉट्सअ‍ॅपचं ‘एक्स्पोर्ट चॅट’ चांगलं, त्यात तारखा-वेळा सलग येतात. यूपीआयचा यूटीआर नंबर (व्यवहाराचा क्रमांक) वेगळा लिहून ठेवा.

आणि हे सगळं करून झाल्यावर तीन-चार दिवसांत एक फोन येतो. ‘सायबर सेलमधून बोलतोय, तुमचे पैसे सापडलेत, रिफंडसाठी हे अ‍ॅप टाका.’ अ‍ॅप स्क्रीन शेअर करणारं असतं. नंबर त्यांच्याकडे कुठून आला? पासपोर्टचा फोटो ज्याला पाठवला होता, त्याच्याकडूनच.