सोळा वर्षांच्या ठकीला दाखवलं, त्या दवाखान्याबद्दल

गणपतीनंतर आमची मांजर ठकी रात्री दोनला माजघरात उभी राहून गळा काढायला लागली. बांगड्याचं डोकं फस्त करून पुन्हा ताटलीशी हजर, तरी पाठीचा कणा हाताला लागायचा. शेजारच्या काकू म्हणाल्या, "म्हातारी झाली गो, चालायचंच."

रत्नागिरीतल्या डॉक्टरीणबाईंना ते पटलं नाही. आधी वजन: २.८ किलो, गेल्या वर्षी ३.९ होतं. मग गळ्याखाली बोटं फिरवली, रक्तदाब घेतला, रक्त काढलं. म्हणाल्या, घरातली मांजरं साधारण १२ ते १८ वर्षं जगतात. हिची सोळा म्हणजे माणसाची ऐंशी. पण भूक वाढून वजन घटतं, ते वयाने नव्हे. थायरॉइड निघालं. रोज दोन वेळा गोळी, आणि तीन आठवड्यांनी पुन्हा रक्त, कारण थायरॉइड आटोक्यात आलं की कधीकधी झाकलेला किडनीचा आजार उघडा पडतो. हे आधी सांगितलं, म्हणून पैसे खुपले नाहीत.

रेटिंगमधला एक तारा कापला तो दवाखान्याच्या पडवीसाठी, जिथे नंबर येईपर्यंत बसायचं. कुत्री-मांजरं एकत्र! टोपलीवर पंचा टाकूनही ठकी थरथरत होती.

आता रात्री झोपते. गोळी कोळंबीत दडवतो. कोळंबी खाते, गोळी लादीवर.