बोटीची एसटी की स्वतःची गाडी? बाल्टिक क्रूझवरच्या सहलींचा आमचा अनुभव

कोल्हापूरच्या राजारामपुरीत मेडिकल स्टोअर चालवून मला 31 वर्षं झाली. त्यामुळे एक खोड लागलीय, कुठलीही वस्तू हातात आली की मागची बारीक अक्षरं आधी वाचायची. गेल्या जूनमधल्या बाल्टिक क्रूझचं बुकिंग झाल्यावरही मी तेच केलं. तेव्हा कळलं की तिकिटात राहणं, खाणं, रात्रीचे कार्यक्रम सगळं आहे, पण बंदरावर उतरल्यावर पुढं काय करायचं ते ज्याचं त्यानं बघायचं. बोटीची सहल, म्हणजे क्रूझवाल्यांनीच काढलेली बंदरावरची सहल घ्या, बाहेरचा गाईड आणि गाडी ठरवा, नाहीतर चालत सुटा.

आम्ही चौघं होतो. मी, आमचे हे, ताई आणि दाजी. ह्यांचा उजवा गुडघा कुरकुरतो, दाजींची शिरोलीला फौंड्री आहे, आणि ताईला दर दोन तासांनी चहा लागतो. ही माहिती फालतू वाटेल, पण सहल ठरवताना हीच कामाला येते. कोपनहेगनहून निघून वार्नेम्युंडे, गिडीनिया, टालिन, हेलसिंकी, स्टॉकहोम आणि परत कोपनहेगन असा फेरा होता. सगळे देश शेंगेनमधले, त्यामुळे व्हिसा एकच. रशियातलं सेंट पीटर्सबर्ग आता यादीत नाही. 2022 पासून क्रूझ तिथं जात नाहीत. पूर्वी तिथं बोटीच्या किंवा परवाना असलेल्या गाईडच्या सहलीबरोबर उतरलं तर 72 तास व्हिसा लागायचा नाही. त्यामुळे जुन्या लोकांचे निम्मे सल्ले त्या एका बंदराबद्दलच असतात. ते ऐकून घ्यावेत आणि सोडून द्यावेत.

पहिलं बंदर वार्नेम्युंडे. बोटीच्या पत्रकात मोठ्या अक्षरात 'बर्लिन', पण बर्लिन तिथून बसनं तीन तास. म्हणजे पन्हाळ्याला नेतो म्हणून पुण्यात सोडल्यासारखं. इथं आम्ही बोटीचीच सहल घेतली, माणशी 189 डॉलर. दाजी म्हणाले, "एवढ्यात माझा एक कामगार आठवडाभर राबतो." तरी घेतली, कारण अंतर. बोटीच्या सहलीची बस उशिरा आली तर बोट थांबते, किंवा तुम्हाला पुढच्या बंदरावर पोचवायची सोय क्रूझवाले करतात. स्वतः ठरवलेली गाडी अडकली तर बोट निघून जाते आणि पुढचं बंदर तुमच्या खर्चानं गाठायचं.

सहल कशी होती? छातीवर नंबराचा स्टिकर, पुढं गाईडच्या हातात काठीवर बोर्ड, आणि मागं आम्ही 44 जण. वरातीत चालल्यासारखं. घोडा थांबला की थांबायचं, बँड वाजला की निघायचं. ब्रँडनबर्ग गेटला 15 मिनिटं. होलोकॉस्टचं स्मारक म्हणजे 2,711 काँक्रीटचे ठोकळे, लहानमोठे, ओळीनं मांडलेले. आत शिरलं की जमीन खाली जाते, ठोकळे डोक्याच्या वर येतात आणि रस्त्याचा आवाज कमी होतो. मी जेमतेम मधोमध पोचले तोवर बाहेरून हाका सुरू. भिंतीचा तुकडा बघितला, चेकपॉइंट चार्ली, म्हणजे पूर्व-पश्चिम बर्लिनमधली जुनी चौकी, बसमधूनच. ताईचा चहा राहिला तो राहिलाच.

पण परत येताना हायवेवर अपघात झालेला. बस पाऊण तास जागेवर. गाईड आमच्या पुढ्यात फोनवर बोटीशी बोलली, आणि आम्ही बंदरावर पोचलो तेव्हा बोट उभी होती, वरच्या डेकवरून लोक टाळ्या वाजवत होते. दाजींनी त्या वेळी 189 डॉलरचं नाव काढलं नाही. बर्लिनच्या सहलीला मी पाचपैकी तीन देईन. त्यातला अर्धा गुण टाळ्यांचा.

आता गिडीनिया, म्हणजे पोलंडमधल्या गदान्स्क शहराजवळचं बंदर. त्याबद्दल मला जास्त बोलायचंय.

आमच्या आबांचं आजोळ कोल्हापूरजवळचं वळिवडे. दुसऱ्या महायुद्धात 1943 ते 1948 या काळात तिथं पोलिश निर्वासितांची छावणी होती, साधारण पाच हजार माणसं, बहुतेक बायका आणि मुलं. रशियानं सायबेरियाकडे हाकललेली, तिथून सुटून इराणमार्गे आपल्याकडे आलेली. छावणीत त्यांच्या शाळा होत्या, चर्च होतं, दवाखाना होता. आबांचे मामा तिथं दूध घालायचे आणि नऊ वर्षांचे आबा किटली धरून मागं. एका पोलिश आजीनं त्यांना लोकरीची टोपी विणून दिली होती. कोल्हापुरात लोकरीची टोपी! आबा ती गोष्ट सांगताना दरवेळी हसायचे. पोलिश लोक गेल्यावर त्याच छावणीत फाळणीनंतरचे सिंधी आले, आणि आज आपण लग्नाचा बस्ता बांधायला जातो ते गांधीनगर झालं.

तर पोलंडला पाय लागणार आणि मी 44 जणांच्या वरातीत फिरणार, हे काही पटेना. बोटीची सहल माणशी 129 डॉलर, चौघांचे 516. बाहेरची गाईड गाडीसकट 360 युरोला मिळाली, बंदरावरून नेऊन बंदरावर सोडायचं, सहा तास. डॉलरमध्ये हिशेब केला तर शंभरेक वाचले. दोघंच असतो तर बाहेरची सहल उलट महाग पडली असती. बोटीचा दर माणशी आणि गाडीचा दर गाडीमागं, त्यामुळे चौघं झाले की पारडं फिरतं. पण आगाऊ पैसे मागणाऱ्या एकीला मी नको म्हणाले. हिनं सांगितलं, शेवटी रोख द्या. ईमेलमध्ये बोटीचं नाव, धक्क्याला लागायची आणि सुटायची वेळ, आणि 'परत सोडायची जबाबदारी आमची' हे वाक्य लेखी घेतलं. बोट सुटायच्या दोन तास आधी परत यायचं, हेही आधीच ठरवलं.

गाईड साठीच्या आसपासची, आखूड केसांची, चालायला भलती फास्ट. ह्यांचा गुडघा बघितला आणि गाडी आतपर्यंत कुठं नेता येईल ते फोन करून विचारून घेतलं. मी तिला कोल्हापुरात महावीर उद्यानात या पोलिश लोकांचं स्मारक आहे, त्याचा फोटो दाखवला. पोलिश मुलांना आसरा देणाऱ्या जामनगरच्या महाराजांचं नाव तिला माहीत होतं, वळिवड्याचं नव्हतं. मी आबांची टोपीची गोष्ट सांगितली. ती गप्प झाली. मग म्हणाली, ठरल्याप्रमाणे सोपोटचा लाकडी धक्का बघायचा होता, तो सोडूया का? मी तुम्हाला शिपयार्डमध्ये नेते, माझे वडील तिथं कामाला होते.

1980 च्या ऑगस्टमधल्या संपाच्या 21 मागण्या ज्या लाकडी फळ्यांवर हातानं रंगवल्या होत्या, त्या फळ्या तिथल्या सॉलिडॅरिटी केंद्रात आहेत. सॉलिडॅरिटी म्हणजे त्या संपातून उभी राहिलेली कामगार संघटना. तिनं त्या एकेक वाचून इंग्रजीत सांगितल्या. पहिली, स्वतंत्र कामगार संघटना. पुढं कुठंतरी पगारवाढ, मटणाचा तुटवडा, बाळंतपणाची रजा. दाजी मालक माणूस, पण फळ्यांपुढून हलेनात. शेवटी म्हणाले, "मटण मिळंना म्हणून पेटले म्हणजे आपलीच माणसं." मी हे तिला भाषांतर करून सांगितलं तेव्हा ती इतकी हसली की पहारेकरी बघायला लागला. त्या संपात तिचे वडील गेटच्या आत होते आणि ती शाळकरी पोर आईबरोबर गेटबाहेर डबा घेऊन उभी असायची. डबा आणि किटली. आम्ही दोघी त्यावर जास्त काही बोललो नाही.

संध्याकाळी जेवणाच्या टेबलावर बोटीच्या सहलीला गेलेलं बडोद्याचं जोडपं भेटलं. त्यांना अंबरच्या दुकानात पाऊण तास बसवलं होतं. अंबर तिकडचा खरा माल, करोडो वर्षांपूर्वीच्या झाडांचा डिंक, पण बसमधून गठ्ठ्यानं आणलेल्या गिऱ्हाइकाला भाव काय मिळणार? आमची ताई कोल्हापूरच्या सराफ बाजारात, गुजरीत वाढलेली. तिनं एका बोळातल्या दुकानात तिसऱ्या फेरीला कानातले घेतले आणि गाईडनंही तिच्या बाजूनं घासाघीस केली. तिथं युरो नाही, झ्लॉटी चालतात, एवढं लक्षात ठेवा.

टालिनला काहीच घेतलं नाही, ना बोटीचं ना बाहेरचं. धक्क्यावरून जुन्या गावाची वेस चालत वीस मिनिटांवर आहे, मग गाडी कशाला? तिथं वरच्या गढीकडे जाणाऱ्या दोन वाटा आहेत, एकीचं नाव लांब पाय, दुसरीचं आखूड पाय. आखूड पायाला पायऱ्या आहेत. हे म्हणाले, "माझा आज दोन्हीत बसत नाही," आणि खाली चौकात कॉफी घेऊन बसले.

त्याच चौकात माझ्या धंद्याचं तीर्थक्षेत्र निघालं. रायआप्तेक नावाचं औषधांचं दुकान, 1422 मध्ये त्याची नोंद सापडते, आणि आजही चालू आहे. एकाच घराण्यानं दहा पिढ्या ते चालवलं. माझा मुलगा बंगळुरूला सॉफ्टवेअरमध्ये आहे, त्याला मी हे मुद्दाम फोन करून सांगितलं. आत एका बाजूला जुनं मांडलंय, त्यात जाळलेल्या मधमाश्या, वाळवलेली गांडुळं, पूर्वी औषध म्हणून जे जे विकलं ते सगळं. दुसऱ्या बाजूला काउंटरवर एक बाई खोकल्याचं औषध मागत होती. मी तिथं चाळीस मिनिटं होते. तेवढ्यात बोटीच्या सहलीचा एक घोळका आला, गाईडनं बाहेरूनच दुकानाकडे बोट दाखवलं, फोटो झाले, घोळका गेला.

टालिनला फजिती पण झाली. मोबाईलमध्ये पावणेपाच झाले आणि बोटीवर साडेचारला परत यायचं होतं. आम्ही पळालो. हे गुडघा धरून, ताई चपला हातात घेऊन. धक्क्यावर घामाघूम पोचलो तर तिथला पोरगा शांतपणे म्हणाला, बोटीवर पावणेचारच वाजलेत. एस्टोनिया डेन्मार्कच्या एक तास पुढं, मोबाईलनं आपणहून वेळ बदलली आणि बोट कोपनहेगनच्याच वेळेवर. घड्याळ उलट्या बाजूला चुकलं असतं तर मात्र आम्ही टालिनमध्येच राहिलो असतो. आता एकटं फिरायचं तर हातात साधं घड्याळ, बोटीच्या वेळेला लावलेलं. बोटीच्या सहलीत ही कटकट दुसऱ्याच्या डोक्याला असते, हा तिचा मोठा फायदा.

हेलसिंकीत ट्राम आणि दिवसाचा पास. सुओमेनलिन्ना किल्ल्याच्या बेटावर जाणारी सरकारी फेरी त्याच पासात बसते, हे बोटीवरच्या सहलीच्या काउंटरवर कुणी सांगत नाही. बाजारात गोड पाव मिळतो, त्यात वेलदोडा असतो. तो वास आल्यावर ताईनं दोन घेतले, मग आणखी दोन.

स्टॉकहोमच्या नावानं आमची बोट न्यूनॅसहामला लागली, शहर तिथून साठेक किलोमीटर. लोकल ट्रेनही आहे, तासभर लागतो. पण बर्लिनच्या धड्यानंतर आम्ही बोटीची नुसती ने-आण करणारी बस घेतली. गाईड नाही, स्टिकर नाही, शहरात सोडतात आणि ठरल्या वेळी उचलतात. लोक या तिसऱ्या प्रकाराकडे बघतच नाहीत. पत्रकात शेवटच्या पानावर असतो, बारीक अक्षरात. आपल्याकडच्या वडापच्या जीपसारखा, तेवढ्यापुरता, आणि पाचपैकी साडेचार.

वासा जहाजाच्या म्युझियममध्ये दाजी तीन तास. 1628 मध्ये पहिल्याच फेरीला धक्क्यापासून दीडेक किलोमीटरच्या आत बुडालेली राजाची युद्धनौका, 1961 मध्ये वर काढली, जवळजवळ अख्खी. वर 64 तोफा आणि तळाला वजन कमी. निघायच्या आधी तीस खलाशांना डेकवर इकडून तिकडे पळवून चाचणी घेतली, जहाज इतकं हेलकावलं की चाचणीच थांबवली. आणि तरी सोडलं. दाजी म्हणाले, "टेस्टिंगला रिजेक्ट झालेला माल डिस्पॅच केला की असंच होणार." बोटीच्या गाईडेड सहलीत या म्युझियमला एक तास होता.

परत आल्यावर गदान्स्कच्या बाईंचा ईमेल आला. त्यांना वळिवडे स्टेशनच्या पाटीचा फोटो पाहिजे होता. मागच्या रविवारी आम्ही दोघं स्कूटरवर गेलो, पिवळ्या पाटीचा फोटो काढला आणि पाठवला. लगेच उत्तर आलं, नावाचा उच्चार रेकॉर्ड करून पाठवा म्हणून. चार वेळा पाठवला. 'ळ' काही त्यांना जमत नाही.