खर्जाला जवारी : सॅन्सॲम्प बेस ड्रायव्हर डीआय

रेकॉर्ड केलेल्या बेस गिटारला थोडी खरखरीत धार यावी म्हणून मी गेली काही वर्षे टेक २१ या कंपनीचे सॅन्सॲम्प बेस ड्रायव्हर डीआय हे पेडल, म्हणजे गिटार आणि मिक्सर यांच्यामध्ये जोडायचे, आवाज बदलणारे छोटे खोके, वापरत आहे (डीआय म्हणजे वाद्य सरळ मिक्सरला जोडण्याची सोय). १९८९ मध्ये निघालेल्या मूळ सॅन्सॲम्पची कल्पना अशी होती, की तापलेल्या ट्यूब अँप्लिफायरचा आणि त्यापुढे ठेवलेल्या मायक्रोफोनचा आवाज एका छोट्या ॲनालॉग सर्किटमधून सरळ मिक्सरमध्ये नेता यावा. बेस ड्रायव्हर हे त्याच घराण्यातले बेससाठीचे अपत्य आहे. त्यातल्या ड्राइव्हचे, म्हणजे खरखर वाढवणाऱ्या नॉबचे, कौतुक पुष्कळांनी केले आहे. मी मात्र हे पेडल जपतो ते स्वच्छ आणि खरखरीत आवाज मिसळणाऱ्या ब्लेंड नावाच्या नॉबसाठी आणि मूळ सिग्नल जसाच्या तसा बाहेर देणाऱ्या पॅरलल आउटपुटसाठी.

बेसला डिस्टॉर्शन, म्हणजे ही मुद्दाम आणलेली खरखर, हवीच कशाला, हा प्रश्न रास्त आहे. चार तारी बेसची सर्वांत जाड तार साधारण ४१ हर्ट्झवर वाजते आणि मोबाइलच्या स्पीकरमधून तो स्वर जवळजवळ ऐकूच येत नाही. डिस्टॉर्शनमुळे ८२, १२४, १६५ हर्ट्झ अशी वरची स्वयंभू स्वरांची माळ ठळक होते आणि तिच्यावरून कान खालचा, प्रत्यक्षात न पोचलेला स्वर स्वतःच जुळवून घेतो. तंबोऱ्याची जवारी लागली की खर्जाची तार जशी उजळते, तसेच काहीसे येथे घडते. मात्र सिग्नलची शिखरे कापली गेली की बोटाचा आघात बोथट होतो, आणि नवे स्वर वर जमल्यामुळे तळाचे वजन तुलनेने उणे वाटू लागते. म्हणूनच खरखरीच्या शेजारी स्वच्छ बेस जिवंत ठेवावा लागतो. ही युक्ती जुनी आहे : पॉल मॅकार्टनी यांनी १९६५ मध्ये बीटल्सच्या एका गाण्यात फझ (अतिशय फाटलेल्या आवाजाचे डिस्टॉर्शन) लावलेला बेस वाजवला, तेव्हा साधा बेसही त्याच्या सोबतीला होताच.

ब्लेंड हा नॉब हेच काम एका खोक्यात करतो. तो पूर्ण डावीकडे असेल तर अँप्लिफायरची नक्कल करणारा भाग बाजूला पडतो, आणि त्याबरोबर ड्राइव्ह व वरची टोकदार धार ठरवणारा प्रेझेन्स हे दोन्ही नॉबही निष्प्रभ होतात. बेस, ट्रेबल आणि लेव्हल तेवढे चालू राहतात. पहिल्या दिवशी मी ड्राइव्ह शेवटपर्यंत फिरवून, काहीच बदलत नाही म्हणून केबल तपासत बसलो होतो. ब्लेंड शून्यावर होता. आता माझी नेहमीची मांडणी अशी असते : ब्लेंड निम्म्याच्या थोडा पुढे, ड्राइव्ह घड्याळातल्या दहाच्या जागी आणि प्रेझेन्स त्याहूनही खाली. प्रेझेन्स वाढवला की नव्या तारांवर नखाचा आणि पडद्याचा प्रत्येक खडखडाट पुढे येतो. एकटा बेस ऐकताना तो रुबाबदार वाटतो आणि झांजा सुरू झाल्या की त्यांच्याशीच भांडू लागतो.

दोष सांगायचा तर पहिल्या आवृत्तीचा मध्य खोलगट आहे आणि तो भरून काढायला तीत मिडचा, म्हणजे मधल्या स्वरपट्ट्याचा, नॉबच नाही. एकट्या बेसवर हा खोलगटपणा भारदस्त भासतो. गिटारी आल्या की बेस त्यांच्या मागे दडतो, कारण त्याची ओळख ज्या पट्ट्यात असते तोच पट्टा रिकामा झालेला असतो. दुसऱ्या आवृत्तीत ५०० किंवा १००० हर्ट्झवर बसवता येणारा मिडचा नॉब दिला आहे, आणि आज नव्याने घ्यायचे असेल तर तीच घ्यावी, असे माझे स्पष्ट मत आहे. माझ्याकडे पहिलीच असल्यामुळे मी ही भरपाई रेकॉर्डिंगनंतर ईक्यूने (स्वरपट्टे कमी-जास्त करणाऱ्या साधनाने) करतो.

पॅरलल आउटपुटचे महत्त्व मला ठेच लागल्यावर कळले. सुरुवातीला एका संपूर्ण गाण्याचा बेस मी फक्त प्रक्रिया केलेल्या एक्सएलआर (मिक्सरला जाणाऱ्या तीन पिनांच्या) आउटपुटवरून घेतला, ड्राइव्ह सढळ हाताने वाढवून. मिक्सच्या वेळी तो पिठूळ निघाला, आणि एकदा कापलेली शिखरे परत आणता येत नसल्यामुळे सगळा बेस पुन्हा वाजवावा लागला. तेव्हापासून पॅरलल आउटपुटवरचा अस्पर्श सिग्नल एका ट्रॅकवर आणि एक्सएलआरचा खरखरीत सिग्नल दुसऱ्यावर घेतो. अशा वेळी ब्लेंड पूर्ण उजवीकडे ठेवायला हरकत नाही, कारण मिश्रण पुढे मिक्सरच्या फेडरवर (ट्रॅकची पातळी ठरवणाऱ्या सरकत्या दांड्यावर) ठरते. खरखरीत ट्रॅकचा तळ साधारण १५० ते २०० हर्ट्झखाली कापला की खालचा भाग स्वच्छ ट्रॅककडे राहतो आणि घट्ट बसतो. या कापणाऱ्या फिल्टरमुळे फेज, म्हणजे दोन ट्रॅकच्या लहरींचा मेळ, सरकतो, म्हणून एका ट्रॅकची पोलॅरिटी (लहरीची वर-खाली दिशा) उलटवून कोणत्या बाजूला तळ अधिक भरीव लागतो, हे ऐकल्याशिवाय पुढे जाऊ नये.

वाजवणाऱ्याचा हात असमान असेल तर हे पेडल ते लपवत नाही. हळू वाजलेला स्वर स्वच्छ राहतो, जोराचा एकदम गुरगुरतो, आणि ओळ ठिगळे लावल्यासारखी ऐकू येते; आधी हलका कॉम्प्रेसर (हळू आणि जोराचे स्वर एका पातळीजवळ आणणारे साधन) लावला तर खरखर सर्व स्वरांवर सारखी पसरते. जोडस्वरांच्या बाबतीतही सावध राहावे लागते. डी तारेच्या दुसऱ्या पडद्यावरचा ई आणि त्याच्या वरचा बी एकत्र वाजवला, तर डिस्टॉर्शनमधून निर्माण होणारा फरकाचा स्वर (दोन स्वरांच्या कंपनसंख्यांतला फरक) ४१ हर्ट्झच्या आसपास, म्हणजे नेमका खालचा ई येतो आणि आवाज भव्य होतो. त्याच ई बरोबर मोकळी जी तार छेडली तर हा फरक सुमारे १६ हर्ट्झ येतो. तो स्वर म्हणून ऐकू येत नाही, फक्त सगळे गढूळ करून ठेवतो. हा दोष पेडलचा नाही, गणिताचा आहे.

मिक्सरकडून केबलमधूनच मिळणाऱ्या ४८ व्होल्टच्या फँटम पॉवरवर हे पेडल चालते, त्यामुळे बॅटरीची चिंता उरत नाही. फझचा फाटका, भणाणणारा आवाज ज्यांना हवा असेल त्यांनी दुसरे काही पाहावे. आणि दुकानात तुलना करताना पेडल चालू व बंद असतानाचा आवाज लेव्हलने आधी समान करून घ्यावा; मी तो केला नव्हता, आणि ज्या मांडणीवर भाळलो होतो ती घरी आल्यावर फक्त जास्त मोठ्याने वाजणारी निघाली.