रविवार पेठेत शिवून घेतलेली डफल: छोट्या विमानाच्या सफारीसाठी कशी?

केनियातल्या मसाई मारा अभयारण्यात सफारीला जाणारे बरेच पुणेकर मुंबई-नैरोबी विमानाचा हिशेब धरून सामान भरतात. खरी मर्यादा त्याच्या पुढच्या टप्प्यावर असते. नैरोबीच्या विल्सन विमानतळावरून माराला जाणाऱ्या छोट्या विमानांत सहसा माणशी १५ किलोच चालतात, तेही हातातली बॅग धरून, आणि बॅग मऊच लागते. सेसना कॅरॅव्हॅन या तिथल्या छोट्या विमानात बरंचसं सामान विमानाच्या पोटाखालच्या कप्प्यात जातं. कप्प्याचं दार लहान आणि आतली उंची कमी, त्यामुळे कापडी बॅग दाबून कोपऱ्यात बसवता येते, चाकांची ट्रॉली नाही. मारा सुमारे १५०० मीटर उंचीवर आहे. दुपारच्या गरम, विरळ हवेत मातीच्या धावपट्टीवरून विमान उचलायचं असतं, म्हणून वजनावर एवढा कटाक्ष.

या कामाला रविवार पेठेत मापाने शिवून घेतलेली डफल, म्हणजे बिनचाकांची लांबट कापडी बॅग, उत्तम. माप ६० × २८ × २५ सेंमी, म्हणजे ४२ लिटर. ६०० डेनियर (धाग्याच्या जाडीचं माप) पॉलिएस्टरची, बिनअस्तराची बॅग पाऊण किलोच्या आसपास भरते. चाकांची छोटी ट्रॉली रिकामीच अडीच-तीन किलोची असते, म्हणजे दोन किलो इथेच वाचले.

मात्र कारागिराला काही गोष्टी आधीच स्पष्ट सांगायला हव्यात. बॅगेला ‘शेप’ यावा म्हणून तळाला पुठ्ठा किंवा प्लास्टिकची शीट आणि कडेने जाड पायपिन (शिवणीत घातलेली गोल दोरीसारखी किनार) घालतात. दोन्ही नको म्हणा, नाहीतर मऊ बॅगेचा मुद्दाच गेला. उचलायच्या पट्ट्या फक्त बाजूला शिवलेल्या नकोत. निवार तळाखालून पूर्ण फिरवून घ्या आणि जोडावर चौकोन व त्यात फुली अशी शिलाई मागा. विमानात चढवताना बॅग एका पट्ट्याला धरून ओढली जाते, तेव्हा साधी शिलाई उसवते.

सगळ्यात कच्चा दुवा चेनचा. न सांगता बहुधा ५ नंबरची, म्हणजे बारीक दातांची चेन लागते. माराच्या बारीक धुळीत तिचा रनर अडतो आणि बॅग ठासून भरलेली असेल तर दात उघडतात. १० नंबरची जाड दातांची चेन, दोन रनर आणि वरून चार सेंमीची झाकणपट्टी घ्या. एवढं करूनही धूळ थोडी आत जातेच, त्यामुळे कॅमेरा या बॅगेत ठेवू नये.

१५ किलोंचा हिशेब असा: बॅग पाऊण, कपडे चार, साबण-ब्रश वगैरे एक, औषधं अर्धा, कॅमेरा आणि १५०-६०० मिमीची लेन्स मिळून साडेचार, दुर्बीण पाऊण, चार्जर-बॅटऱ्या एक. झाले साडेबारा. उरलेल्या अडीच किलोंत चिवडा-भाकरवडी बसवा, पण डबे नकोत, कापडी पिशव्या घ्या. केनियात २०१७ पासून प्लास्टिकच्या कॅरी बॅगांवर बंदी आहे. जाड बूट आणि जाकीट अंगावरच घालून विमानात चढायचं. पॉवर बँक हातातल्या बॅगेत. लेन्स टेकवायच्या बीन बॅगची फक्त खोळ न्यावी आणि तिकडे तांदूळ किंवा राजमा भरून घ्यावा, यात सहज दोन किलो वाचतात.

चार किलो कपडे कमी वाटतील, पण तीन शर्ट, दोन पँट, एक स्वेटर पुरतो, कारण बहुतेक कॅम्पांत कपडे धुऊन मिळतात. अंतर्वस्त्रं मात्र अनेक ठिकाणी धुवायला घेत नाहीत. धुण्याच्या साबणाची छोटी वडी सोबत हवीच. सफारीत टांझानियातलं तरंगिरे अभयारण्य किंवा सेरेंगेटीचा पश्चिम भाग असेल तर निळे-काळे कपडे टाळा, चावणारी त्सेत्से माशी त्या रंगांकडे धावते.

तयार ब्रँडेड डफलला खिसे जास्त आणि चेन चांगली असते, हे मान्य. पण प्रत्येक खिशाबरोबर वजन वाढतं आणि माप आपल्या हातात राहत नाही. शिवलेल्या बॅगेत एकच उणीव खरोखर खटकते: कापडाला पाणी लागू नये म्हणून आतून दिलेल्या पीयू (पॉलियुरेथेन) थराला पुण्याच्या पावसाळ्यात दमट कपाटात चिकटपणा येतो आणि तो सोलून निघतो. परत आल्यावर बॅग उलटी करून झटका, सावलीत वाळवा आणि घडी न घालता टांगून ठेवा.