१६० च्या कॅबिनेटमध्ये १६५ मिलिमीटरचा कूलर, आणि माझे ८,३५० रुपये

कॉम्प्युटरचा प्रोसेसर थंड ठेवणारा कूलर घेताना मी फसलो. आधी आकडे सांगून टाकतो. अनामत २,००० रुपये यूपीआयवर. माल ताब्यात देताना ५,२०० रोख. थर्मल पेस्टचे (प्रोसेसर आणि कूलर यांच्यामध्ये लावायच्या लेपाचे) ६५०. बसवणावळ ५००. एकूण ८,३५० रुपये. बदल्यात मिळाला तांब्याचा रंग दिलेला ॲल्युमिनियमचा ठोकळा, त्याला दोन तपकिरी पंखे.

मी डिचोलीचा. जत्रांची नाटकं आणि लग्नं शूट करतो, एडिटही मीच करतो. कॉम्प्युटरमध्ये रायझन ७ ५८००एक्स आहे. हा १०५ वॉटचा प्रोसेसर, आणि तो बनवणारी एएमडी कंपनी याच्या डब्यात कूलर देतच नाही. भावाने त्याच्या ५६००एक्स प्रोसेसरच्या डब्यातला छोटा रेथ स्टेल्थ कूलर दिला होता, त्यावर मी रेटत होतो. तीन अंकी नाटकाचं रेंडर (एडिटची अंतिम व्हिडिओ फाइल बनवणं) लावलं की पंखा असा किंचाळायचा की आई बाहेरून विचारायची, मिक्सर कोणी लावलाय?

पाण्यावर चालणारा कूलर नको हे पक्कं होतं. त्यात पंप आला, आणि आमच्याकडे पावसात वीज किती वेळा जाते-येते ते गोव्यातल्या माणसाला सांगायला नको. हवेच्या कूलरमध्ये बिघडण्यासारखा एक पंखाच. मग ठरवलं, एकदाच घेऊ पण चांगला घेऊ: नॉक्टुआचा एनएच-डी१५. कंपनी ऑस्ट्रियाची. पत्र्याच्या पात्यांचे दोन मनोरे, सहा हीटपाइप (उष्णता वाहून नेणाऱ्या नळ्या), १४० मिलिमीटरचे दोन पंखे, सहा वर्षांची वॉरंटी. पणजीच्या दुकानात किंमत विचारली तर अकरा हजारांच्या पुढे. तिथून सगळं सुरू झालं.

पुढचं तुम्हाला पाठ असेल. व्हॉट्सॲपचा ग्रुप, ‘दुबईहून आलेला पीस’, दोनच उरलेत, अनामत टाका नाहीतर वास्कोचा एक जण उचलतोय. पण माझ्या बाजूनेही ऐका. हा विकणारा माणूस फोनवरचा भुताटकीचा आवाज नव्हता. म्हापशात शुक्रवारच्या बाजारादिवशी प्रत्यक्ष भेटला, बिल दिलं, नंतर घरी येऊन स्वतः कूलर बसवून गेला. घरी येऊन चहा पिऊन जाणाऱ्यावर कोण संशय घेतं?

आता ज्या क्षणाने माझी झोप उडवली आहे तो सांगतो. माझ्या कॅबिनेटच्या, म्हणजे कॉम्प्युटरच्या पेटीच्या, पुस्तिकेत स्पष्ट छापलं आहे, कूलरची उंची जास्तीत जास्त १६० मिलिमीटर. एनएच-डी१५ ची उंची १६५. हे मला माहीत होतं. मी त्याला विचारलंही. तो म्हणाला, “पात्रांव, दुबाव ना. बसता (मालक, शंका नको, बसतो). कंपन्या पाच-सहा मिलिमीटर राखूनच सांगतात. नाही बसला तर परत घेतो.” आणि बसला! बाजूचा पत्रा आरामात लागला, वर बोटभर जागासुद्धा उरली. मी खूश झालो. हसलो. त्याला बसवणावळीचे ५०० रुपये वर दिले. अरे, १६५ ची वस्तू १६० मध्ये घालून वर जागा उरते कशी? पट्टी टेबलावर, पुस्तिका समोर, आणि मी चहा ओततोय. पण तेव्हा डोक्यात एकच भीती होती, न बसण्याची. ती भीती गेल्याच्या आनंदात माणूस मोजमाप करत बसत नाही. तुम्हीही केलं नसतं.

तरी कूलर घ्यायच्या आधी कॅबिनेटची मर्यादा आणि कूलरची उंची वहीत लिहून ठेवा. आणि वस्तू हातात आली की तीही मोजा.

पेस्टचंही तसंच. त्याने खिशातून एक ट्यूब काढली, ६५० रुपये. मी दिले, कारण जुनी ट्यूब सुकली होती आणि पेस्टशिवाय कूलर बसवत नाहीत हे लहान पोरालाही कळतं. एनएच-डी१५ च्या डब्यात कंपनीची एनटी-एच१ पेस्ट आधीच असते, हे मला नंतर कळलं. दोन पंखे जोडायची वाय केबल असते, कॅबिनेटवर चिकटवायचा धातूचा बिल्ला असतो. माझा डबा तो ‘चेक करून’ उघडाच घेऊन आला होता. उघडा डबा स्वीकारू नका. मग तो देव का आणीना.

पहिल्याच रेंडरला तापमान ९० वर जाऊन चिकटलं. या प्रोसेसरची कमाल मर्यादाच ९० अंश. तिथे पोचला की तो स्वतःच वेग उतरवतो, आणि माझा ३.८ गिगाहर्ट्झ या मूळ वेगाच्याही खाली घसरत होता. मी फोन केला. तो काय म्हणाला? “५८००एक्स गरमच असतो, नेटवर बघा.” नेटवर पाहिलं, तर खरंच लोक तसंच म्हणत होते. अर्धं खरं सांगणारा लबाड फार वाईट. पूर्ण खोटं बोलला असता तर त्याच दिवशी पकडला असता. मग म्हणाला पेस्ट मुरायला वेळ लागतो. मग म्हणाला बायोस (मदरबोर्डमधला मूळ प्रोग्राम) अपडेट करा. मग फोन लागेनासा झाला.

बायोसमध्ये पंख्याचे फेरे २,१०० दिसत होते. नॉक्टुआचा हा पंखा १,५०० च्या वर जातच नाही. तेव्हा कूलर उतरवला आणि नाक्यावरच्या पसऱ्यावर (वाणसामानाच्या दुकानात) वजन केलं. खऱ्याचं वजन पंख्यांसकट १,३२० ग्रॅम. माझा भरला ७९०. पसरकाराने विचारलं, हे काय विकायला आणलंय? काही बोललो नाही. घरी येऊन एका मनोऱ्याचं टोक कढत पाण्यात धरलं. खरी हीटपाइप पोकळ असते, आत थोडंसं पाणी कमी दाबाखाली भरलेलं असतं. ते गरम टोकाला वाफ होऊन थंड टोकाकडे जातं आणि दुसरं टोक काही सेकंदांत चटका देतं. माझ्या नळ्यांचं दुसरं टोक थंडगार. शेवटी हॅक्सॉने एक नळी कापली. आत पोकळी नाही, काही नाही. भरीव पांढरा धातू, त्यावर तांबूस मुलामा. पात्यालासुद्धा तो रंग लागला.

आता सरकारदरबारची कथा. पोलीस ठाण्यात हवालदार म्हणाले, “आठ हजारांसाठी? आणि हा पंखाच ना?” मी म्हटलं, हीटसिंक. ते म्हणाले, सिव्हिल मॅटर. मग सायबरकडे जा. सायबरवाल्यांनी विचारलं, माणूस समोर भेटला का? भेटला. वस्तू हातात घेतली का? घेतली. मग हा सायबर गुन्हा कसा, परत ठाण्यात जा. ठाण्यात परत गेलो तर ज्या हवालदारांनी मला पाठवलं ते जत्रेच्या बंदोबस्ताला, आणि दुसऱ्यांना कागद सापडेना. बँकेने सांगितलं, पिन तुम्हीच घातला, आम्ही काय करणार. २,००० गेले ते गेले. मी बिल घेऊन करखात्याच्या खिडकीवर गेलो, तर बाईंनी जीएसटी क्रमांकाचे पहिले दोन आकडे दाखवले: २७. “हा महाराष्ट्राचा. गोव्याचा ३० ने सुरू होतो. तिकडे तक्रार करा.” म्हणजे दोडामार्गचा नाका ओलांडून मी कुठल्या कचेरीत जाऊ, मॅडम? त्यांनी पुढच्या माणसाला बोलावलं. रांगेत एक माणूस हसला. मी वाट्टेल ते बोलणार होतो, पण कागद त्यांच्याच टेबलावर होते. पंधरा अंक-अक्षरांचा तो क्रमांक जीएसटीच्या पोर्टलवर टाकला तर निघाला एक कपड्यांचा व्यापारी, नोंदणी रद्द झालेला. हे शोधायला मला दोन मिनिटं लागली. पगार मात्र त्यांना मिळतो.

बिलावरचा नंबर पैसे देण्याआधी पोर्टलवर टाका. उभ्या उभ्या, त्याच्या समोर.

शेवटी जिल्हा ग्राहक आयोगाकडे तक्रार ऑनलाइन टाकली. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याप्रमाणे तुम्ही जिथे राहता तिथल्या आयोगाकडे दाद मागता येते, दोन वर्षांच्या आत, आणि ५ लाखांपर्यंतच्या खरेदीला फी नाही. हे मला कुठल्याच खिडकीवर कोणी सांगितलं नाही. १९१५ हा ग्राहकांचा हेल्पलाइन नंबर. पूर्ण व्यवहार ऑनलाइन झाला असेल तर लगेच १९३० ही सायबर फसवणुकीची हेल्पलाइन लावा, उद्या नको. आयोगाला समोरच्याचा पूर्ण पत्ता लागतो. माझ्याकडे एक बंद पडलेला मोबाइल नंबर आणि यूपीआयवरचं नाव आहे, तेही खरं असेलच असं नाही. म्हणून आधी पत्ता घ्या, मग अनामत.

सध्या डीपकूलचा एके४०० लावलाय, दुकानातून, सीलबंद, ३० ने सुरू होणाऱ्या बिलावर. चार हीटपाइप, उंची १५५, म्हणजे माझ्या कॅबिनेटला हाच योग्य होता. रेंडरला ८२-८३ च्या आसपास राहतो आणि वेग टिकतो. किंमत त्या ठोकळ्याच्या निम्मीही नाही, हे लिहिताना हात थरथरतो.

त्याच ग्रुपवर दुसऱ्या नावाने तोच फोटो परत आलाय, मागची टेबलावरची निळी चटई तीच. ‘दुबईचा पीस, दोनच उरलेत.’ कोणी त्याच्याकडून घेतला असेल तर बिलाचा फोटो मला पाठवा. माझ्या तक्रारीला जोडतो. एकट्याच्या आठ हजारांना कोणी विचारत नाही, दहा जणांच्या पैशांना विचारतील.